तीन शेडचे ब्लॉक आणि मोजणी: प्रकल्प नोंदी

८ जून
दाजींचा शिरोली एमआयडीसीत पेव्हिंग ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. चौकोनी ब्लॉक, तीन शेड: फिकट, मधला, गडद. परवा त्यांनी विचारलं की तीन बाय तीनच्या पॅनेलमध्ये किती वेगवेगळी डिझाईनं बसतील, अट एकच, फिकट आणि गडद एकमेकांना चिकटून येता कामा नये कारण ते डोळ्याला खुपतं आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. चिकटून म्हणजे वर, खाली, डावीकडं, उजवीकडं. तिरकं चालतं.

मी फिकट ०, मधला १, गडद २ असं धरलं. म्हणजे प्रश्न असा झाला: चौकटीच्या प्रत्येक घरात ०, १ किंवा २ भरायचा, शेजारच्या दोन घरांतला फरक एकापेक्षा जास्त नको, असे एकूण प्रकार किती? दिवसा उद्यमनगरात टॅलीचं काम आणि रात्री हा उद्योग. पायथॉन (प्रोग्राम लिहायची भाषा) यूट्यूबवर बघून शिकलेलं. ज्यांना असंच काहीतरी मोजायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय, विशेषतः कुठं कुठं गाडी अडली ते.

९ जून
सरळ मार्ग. सगळ्या शक्यता तयार करायच्या, प्रत्येक तपासायची, चालली तर एक वाढवायचा. ३ बाय ३ ला एकूण १९,६८३ शक्यता, म्हणजे काहीच नाही, डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर.

१ बाय १ : ३
२ बाय २ : ३५
३ बाय ३ : १५६५

३५ मी वहीत मांडून बघितलं, बरोबर आहे. १५६५ दाजींना सांगून टाकावं असं वाटत होतं पण रात्रीचे साडेअकरा वाजलेले, म्हटलं सकाळी.

१० जून
सकाळी फोन केला नाही ते बरं झालं. ३ बाय ३ पण हातानं मोजता येतं हे दुपारी चहाच्या वेळी सुचलं आणि टॅलीच्या जुन्या प्रिंटआउटच्या पाठीमागं मांडलं. युक्ती अशी: मधलं घर आधी ठरवायचं, मग त्याला चिकटलेली चार घरं, आणि कोपरे सगळ्यात शेवटी. कोपऱ्याला फक्त दोनच शेजारी असतात, त्यामुळं त्या दोघांवर त्याचे पर्याय ठरतात. दोन्ही शेजारी ० असतील तर कोपऱ्यात २ पर्याय. एक ० आणि एक १ असेल तरी २. दोन्ही १ असतील तर ३. एक ० आणि एक २ असेल तर फक्त १, मधला शेड.

आता मधलं घर ० धरा. चारही बाजूंना ० किंवा १ च येऊ शकतो. चारही ० : १६. एकच १ : चार प्रकारे, प्रत्येकी १६, म्हणजे ६४. दोन १ जे एकाच कोपऱ्याला लागून आहेत : चार प्रकारे, प्रत्येकी २४, म्हणजे ९६. दोन १ समोरासमोर : दोन प्रकारे, १६ प्रमाणे ३२. तीन १ : चार प्रकारे, प्रत्येकी ३६, म्हणजे १४४. चारही १ : ८१. बेरीज ४३३. मधलं घर २ असेल तर हाच हिशोब उलटा, परत ४३३. मधलं घर १ असेल तर बाजूंना काहीही चालतं, तो हिशोब लांबडा आहे (८१ प्रकार), पण येतात ११५५.

४३३ + ४३३ + ११५५ = २०२१.

प्रोग्राम म्हणतोय १५६५. माझं २०२१. आकडा मात्र कोल्हापूरकराला विसरता येणार नाही असा आला, महापुराचं साल. २०१९ आलं असतं तरी तेच म्हणालो असतो म्हणा.

११ जून
सापडलं. प्रत्येक घराची तुलना मी त्याच्या डावीकडच्या घराशी करत होतो. ओळीतल्या पहिल्या घराच्या डावीकडं काही नसतं, घरांचे नंबर शून्यापासून असल्यामुळं त्याचा नंबर उणे एक होतो. दुसऱ्या काही भाषांमध्ये इथं एरर तरी आला असता. पायथॉनमध्ये उणे एक म्हणजे यादीतलं शेवटचं घर, त्यामुळं प्रोग्राम गप गुमान ओळीचं पहिलं आणि शेवटचं घर शेजारी समजून तपासत बसला. कागदाची सुरळी करून दोन कडा चिकटवल्यासारखं झालं.

२ बाय २ मध्ये हे का दिसलं नाही? कारण तिथं पहिलं आणि शेवटचं घर तसंही शेजारीच असतं. १ बाय १ मध्ये घर स्वतःचाच शेजारी होतं, फरक शून्य, पास. म्हणजे दोन्ही छोट्या केस बरोबर आणि प्रोग्राम चूक. 'पहिलं घर असेल तर तपासू नको' एवढी एक ओळ घातली आणि २०२१ आलं.

१५६५ चा कागद मात्र फाडला नाही. पुढं २९ तारखेची नोंद बघा.

१२ जून
४ बाय ४. शक्यता ४,३०,४६,७२१. साधारण अडीच मिनिटं लागली. उत्तर ५,३६,४५३.

५ बाय ५ लावायच्या आधी हिशोब केला: शक्यता १९,६८३ पट होतात, म्हणजे वेळही तेवढ्याच पट, म्हणजे महिना सव्वा महिना लॅपटॉप चालू ठेवायचा. रद्द.

१४ जून
दुसरी पद्धत. एकेक घर भरत जायचं आणि चुकीचा आकडा आला की तिथंच मागं फिरायचं, पुढं भरायचंच नाही. ४ बाय ४ दोन-तीन सेकंदात. ५ बाय ५ लावून जेवायला गेलो आणि लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली आहे, चार्जर काढला की बंद. सगळं परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदा लावताना प्रत्येक पहिली ओळ संपली की तिथपर्यंतचा आकडा फाईलमध्ये लिहायचा असं केलं, हे आधीच करायला हवं होतं आणि पाच मिनिटांचं काम होतं.

तासाभरानं उत्तर आलं, नऊ आकडी, ६६ कोटींच्या आसपास. इथं ही पद्धत संपली. कारण ती प्रत्येक डिझाईन एकेक करून खरंच बनवते आणि मोजते. ६ बाय ६ ला डिझाईनंच लाखो कोटींत आहेत, ती एकेक करून कोण मोजणार.

१७ जून
ओळींची पद्धत. आधी एका ओळीचे चालणारे सगळे प्रकार काढायचे. मग कुठल्या ओळीखाली कुठली ओळ चालते ते ठरवायचं. मग प्रत्येक ओळीसमोर एकच आकडा ठेवायचा: 'सध्याची शेवटची ओळ ही असेल तर वरचा भाग किती प्रकारे भरता येतो'. पुढच्या ओळीसाठी फक्त बेरजा. डिझाईन एकही बनवायचं नाही. वर काय काय झालंय हे खालच्या ओळीला माहीत असायची गरजच नाही, तिला फक्त वरची एक ओळ दिसते. सगळी कमाई या एका गोष्टीत आहे.

एका ओळीचे प्रकार असे येतात: ३, ७, १७, ४१, ९९, २३९, ५७७, १३९३. नियम सोपा आहे, आधीच्या आकड्याची दुप्पट अधिक त्याच्या आधीचा. ओळ ० किंवा २ वर संपली तर पुढं दोन पर्याय, १ वर संपली तर तीन, आणि १ वर संपणाऱ्या ओळी म्हणजे आधीच्या लांबीच्या सगळ्याच ओळी (कारण १ कुणाच्याही पुढं चालतो). म्हणून.

हे ५७७ कुठंतरी बघितलंय असं वाटत होतं. बौधायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञाची वेदी बांधायच्या जुन्या ग्रंथात, दोनच्या वर्गमुळाची जी किंमत आहे ती मांडली की ५७७/४०८ होते. आणि गंमत म्हणजे सात घरांच्या ५७७ ओळींपैकी ज्यांच्या शेवटी गडद नाही अशा ओळी बरोबर ४०८ आहेत. पेव्हिंग ब्लॉकमधनं वेदी बांधणाऱ्यांपर्यंत पोचलो. दाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं, मग डिझाईन किती ते सांग."

२०२१ आलं, ५,३६,४५३ आलं. ३ बाय ४ आणि ४ बाय ३ वेगवेगळं चालवून बघितलं, दोन्हीकडं २२,४३७. ही तपासणी फुकटची आहे आणि लई कामाची आहे, कारण आतलं काम दोन्ही वेळा पूर्ण वेगळं होतं (एकदा ४१ ओळी, एकदा १७) आणि उत्तर एकच यायला लागतं.

२० जून
८ बाय ८ पर्यंत मस्त. १० बाय १० ला ८,११९ ओळी, रडतखडत झालं. ११ ला लॅपटॉप गोठला, माऊसपण हलेना, शेवटी बटण दाबून धरून बंद केला.

कारण साधं आहे. ११ घरांच्या १९,६०१ ओळी. कुठली ओळ कुठलीखाली चालते याचा पूर्ण तक्ता मी आधी बनवून ठेवत होतो, तो ३८ कोटींच्या वर खान्यांचा. एका खान्याला आठ बाइट धरले तरी तीन जीबी. माझ्याकडं रॅम चार जीबी, त्यातली निम्मी विंडोजच खातो.

२१ जून
राजारामपुरीतनं जुनी चार जीबीची रॅम आणून बसवली. बाराशे रुपये. ११ बाय ११ झालं. १२ ला ४७,३२१ ओळी, तक्ता २२४ कोटी खान्यांचा, आठ जीबीतही मावत नाही. म्हणजे बाराशे रुपयांत एक पायरी वर चढलो. हा खर्च करू नका, २६ तारखेची नोंद वाचा आणि ते पैसे वाचवा.

२३ जून
वेग पाहिजे म्हणून सी प्लस प्लसमध्ये लिहिलं. तपासायला दुसरा एक माहीत असलेला प्रश्न घेतला: घरात फक्त ० किंवा १, आणि दोन १ शेजारी नकोत. याचे आकडे गणितवाल्यांनी कधीच मोजून ठेवलेत: २, ७, ६३, १२३४, ५५,४४७, ५५,९८,८६१, आणि ७ बाय ७ ला १,२८,०१,२८,९५०. प्रोग्राममध्ये फक्त 'कोण कुणाशेजारी चालतो' हा छोटा तक्ता बदलायचा, बाकी सगळं तेच राहतं, त्यामुळं तपासणीला एकदम झकास.

सातच्या सात आकडे बरोबर आले. खुशीत ८ बाय ८ लावलं. उत्तर: उणे ७७,७०,००,६२९.

डिझाईनांची संख्या उणे! निदान उणे आली म्हणून कळलं तरी. साधा इन्ट (सी प्लस प्लसमधला आकडा ठेवायचा नेहमीचा प्रकार) २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मोजतो, त्याच्या पुढं स्कूटरच्या किलोमीटरसारखा काटा फिरून भलतीकडं जातो. ७ बाय ७ चा आकडा त्याच्या आत होता म्हणून सगळं सुरळीत वाटलं. ८ बाय ८ चं खरं उत्तर ६,६०,६४,७९,६२,९५५. इन्टच्या जागी लाँग लाँग (त्याहून मोठे आकडे मावणारा प्रकार) केलं आणि आलं.

पण आपल्या तीन शेडच्या प्रश्नाला लाँग लाँगपण ७ बाय ७ पर्यंतच पुरतो. ८ बाय ८ चा आकडा त्याच्याही बाहेर जातो, आणि तिथं उणेच येईल याची खात्री नाही, चुकीचा पण दिसायला सभ्य असा आकडापण येऊ शकतो. पायथॉनमध्ये आकडा कितीही मोठा चालतो. परत पायथॉन. सी प्लस प्लसमध्ये गेलेल्या दोन रात्री गेल्या.

२६ जून
घराघराची पद्धत. यानं खरी अडचण सुटली.

पूर्ण ओळ एकदम टाकण्याऐवजी एकेक घर टाकायचं. लक्षात फक्त एक जिन्यासारखी कड ठेवायची: चालू ओळीत आत्तापर्यंत भरलेली घरं, आणि त्यांच्या पुढं अजून न झाकलेली वरच्या ओळीची घरं. १२ च्या चौकटीत कड म्हणजे बारा आकडे. नवीन घर टाकताना दोनच तपासण्या, वरचा आणि डावीकडचा. नवीन आकडा वरच्याची जागा घेतो आणि कड एक घर पुढं सरकते. पर्याय जास्तीत जास्त तीन. ओळ-ओळ जोडीचा तो अवाढव्य तक्ताच लागत नाही.

१२ बाय १२ ला कडा जास्तीत जास्त ५८,८०३ होतात. म्हणजे पूर्ण ओळींपेक्षा (४७,३२१) जास्तच, कारण जिन्याच्या पायरीपाशी दोन घरं तिरकी असतात, त्यांच्यात अट नाही. पण १४४ घरं गुणिले ५८,८०३ गुणिले ३ धरलं तरी अडीच कोटी पायऱ्या. आधी एकेका ओळीला २२४ कोटी जोड्या होत्या. दीड मिनिटात झालं, रॅम अर्धा जीबीसुद्धा नाही. ती बाराशेची रॅम आता क्रोमला उपयोगी पडतेय.

लिहिताना दोन जागी अडलं. एक, नवीन कडेचा आकडा ठेवताना आधीच्यात मिळवायचा असतो, नुसता ठेवला तर वेगवेगळ्या वाटेनं त्याच कडेला येणारे प्रकार एकमेकांना पुसून टाकतात आणि उत्तर भलतंच बारीक येतं. दोन, एका घरानंतर जुनी यादी फेकून नवी घ्यायची, तीच यादी वापरली तर जुन्या कडा परत परत मोजल्या जातात आणि उत्तर फुगतं. दोन्ही ३५ पाशीच पकडल्या गेल्या. ओळीच्या पहिल्या घराला डावीकडं तपासायचं नाही, हे यावेळी आधीच लिहिलं.

२९ जून
रविवार, दाजी जेवायला आलेले. २०२१ सांगितलं. त्यांनी ताटातली भाकरी बाजूला सरकवली आणि बोटानं टेबलावर चौकोन काढले. "आरं पण एकच पॅनेल कोण लावतंय? ह्याच्या शेजारी त्येच पॅनेल येणार, त्याच्या शेजारी परत त्येच. मग ह्या पॅनेलची उजवी कड पुढच्याच्या डाव्या कडेला चिकटणार की रं."

म्हणजे त्यांच्या प्रश्नात उजवीकडचं शेवटचं घर आणि डावीकडचं पहिलं घर शेजारी आहेत! फूटपाथसारख्या लांब पट्ट्यात, जिथं पॅनेल फक्त आडवं पुन्हा पुन्हा येतं, तिथं बरोबर उत्तर १५६५. पहिल्या दिवशीचं चुकीचं उत्तर. उणे एकच्या भानगडीनं दाजींचा प्रश्न माझ्याआधी ओळखला होता.

आणि अंगणात, जिथं आडवं आणि उभं दोन्हीकडं पॅनेल परत येतं, तिथं वरची आणि खालची कडपण जोडायची. जेवण झाल्यावर साध्या पहिल्या पद्धतीनंच चालवलं, १९,६८३ शक्यता तर आहेत. १२७५.

हे हातानंही पडताळता येतं. तीन घरांच्या गोल ओळीत तिघंही एकमेकांचे शेजारी होतात, त्यामुळं फिकट आणि गडद एका ओळीत किंवा एका स्तंभात कधीच सोबत येत नाहीत. मग फिकट कुठल्या ओळींत आणि स्तंभांत आहेत ते धरायचं आणि गडद फक्त उरलेल्यांत टाकायचे. फिकट अजिबात नसलेले ५१२. फिकट असूनही एकतरी ओळ किंवा स्तंभ फिकटशिवाय राहिलेले ४९८. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात फिकट असलेले २६५. बेरीज १२७५.

घराघराची पद्धत इथं मात्र सरळ चालत नाही. शेवटच्या ओळीला पहिल्या ओळीशी जुळवायचं तर पहिली ओळ शेवटपर्यंत लक्षात ठेवावी लागते, म्हणजे प्रत्येक पहिल्या ओळीसाठी अख्खी मोजणी वेगळी.

३ जुलै
भाचीनं नवीन खुसपट काढलं. "मामा, पॅनेल फिरवून लावलं तर तेच की, मग चार वेळा कशाला मोजलंस?" बरोबर आहे तिचं. पण २०२१ भागिले ४ पूर्ण जात नाही, कारण काही डिझाईनं फिरवली तरी तशीच राहतात.

उपाय असा: चारही फिरवण्यांत किती डिझाईनं तशीच राहतात ते मोजायचं आणि सरासरी घ्यायची. न फिरवता सगळी २०२१. अर्ध्या फेरीत तशीच राहणारी ७७. पाव फेरीत तशीच राहणारी १७ (इथं सगळे कोपरे एकसारखे आणि सगळ्या बाजू एकसारख्या, म्हणून फक्त मध, बाजू, कोपरा अशी तीन घरांची ओळ ठरवायची, आणि त्या १७ असतात हे वर आलंच आहे). उलट्या पाव फेरीचीपण १७. एकूण २१३२, भागिले ४, म्हणजे ५३३. हे सुट्या पॅनेलचं. २ बाय २ ला असंच करून ३५ चे १२ होतात, ते बाराच्या बारा भाचीनं पाटीवर काढून दाखवले.

६ जुलै
दाजी आता चौथा शेड काढायचा म्हणतायत, तांबूस नव्हे, गडदच्याही पुढचा काळा. मी 'कोण कुणाशेजारी चालतो' त्या छोट्या तक्त्यात एक ओळ आणि एक स्तंभ वाढवला, बाकी प्रोग्रामला हात लावला नाही. २ बाय २ ला ५४ आले, वहीतही ५४. एका ओळीचे प्रकार ४, १०, २६, ६८, १७८, म्हणजे २, ५, १३, ३४, ८९ ची दुप्पट, म्हणजे हेमचंद्राच्या (फिबोनाचीच्या) मालिकेतला एक सोडून एक आकडा. ३ बाय ३ चालवलंय, पण हातानं अजून मांडलेलं नाही, म्हणून तो आकडा इथं लिहीत नाही. दाजींना सांगितलंय, काळ्या रंगाची गोणी आणायच्या आधी दोन दिवस थांबा.